हद्दीबाहेरचं डिझेल : एका नगरपरिषदेच्या बंबाचं प्रकरण

माझ्या नोकरीच्या काळात लेखापरीक्षण अहवालात आमच्या बंबाचं नाव एकदाच आलं, आणि तेही डिझेलवरून. नगरपरिषद हद्दीबाहेर वाहन नेऊन इंधनावर केलेला खर्च कोणत्या ठरावानुसार केला, खुलासा करावा, असा तो आक्षेप, लेखापरीक्षणाच्या भाषेत 'परिच्छेद'. खर्चाचं देयक मी स्वतः पास केलं होतं, त्यामुळे खुलासाही मलाच लिहायचा होता. लिहायला बसलो तेव्हा कळलं की उत्तर देता येईल असा एकही कागद कार्यालयात नाही. हे प्रकरण मांडायचं कारण एवढंच.

गावाचं नाव घेत नाही. परभणी-जालना पट्ट्यातली एक 'क' वर्ग नगरपरिषद, म्हणजे पंचवीस ते चाळीस हजार वस्तीतली. भोवती कापूस. सेलू, मानवत, परतूर, माजलगाव ही नावं ज्यांना माहीत आहेत त्यांना चित्र लगेच डोळ्यासमोर येईल. दसरा-दिवाळीपासून मार्चपर्यंत जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यांच्या, आवारात कापसाच्या गंज्या, रस्त्यावर रांगेने उभे टेम्पो, आणि सगळ्या गावाच्या नाकात सरकीचा वास. यातल्या बऱ्याच जिनिंग गावाला लागून असतात पण गावात नसतात. अकृषिक जमीन स्वस्त आणि घरपट्टी कमी म्हणून त्या हद्दीच्या दगडापलीकडे, शेजारच्या ग्रामपंचायतीत उभ्या राहतात. आपल्या प्रकरणातली जिनिंग नगरपरिषदेपासून चार किलोमीटरवर होती.

फेब्रुवारी 2020. संध्याकाळी सातच्या सुमारास आवारातल्या गंजीला आग लागली. कारण पुढे कधीच नक्की झालं नाही. कापसात आलेला खडा किंवा खिळा जिनच्या पात्याला घासून ठिणगी उडते आणि हवेच्या पाइपातून ती पुढे जाते, हे तिथला प्रत्येक हमाल सांगेल. विजेच्या तारेचंही नाव निघालंच.

जिनिंगच्या मुनिमाने 101 लावला नाही. मोबाइलवरून लावलेला 101 नेमका कुठे वाजेल याचा भरवसा आमच्याकडे कुणालाच नव्हता. त्याने ओळखीच्या नगरसेवकाला फोन केला. नगरसेवकाने मुख्याधिकाऱ्यांना केला. मुख्याधिकारी बैठकीला जिल्ह्याला गेलेले, त्यांनी स्वच्छता निरीक्षकांना केला, कारण अग्निशमनाचा अतिरिक्त कार्यभार त्यांच्याकडे होता. निरीक्षकांनी चालक मामांना केला. मामा जेवायला बसले होते. मामांची नेमणूक पाणीपुरवठ्याच्या टँकरवर, बंब त्यांच्याकडे 'आवश्यकतेनुसार'. सोबत कंत्राटी ठेक्यावरची दोन पोरं. त्यातल्या एकाला होज जोडता यायचा, दुसऱ्याला उचलता यायचा.

मी त्या वेळी मार्चअखेरच्या कामासाठी कार्यालयात बसलो होतो म्हणून पुढचं पाहिलं. मामांनी चावी फिरवली, बंबाने एक खोकला काढला आणि गप्प झाला. बॅटरी उतरली होती. पाण्याने भरलेली गाडी ढकलता येत नाही. कुणीतरी पळत जाऊन ट्रॅक्टरची बॅटरी आणली. ती बारा व्होल्टची, बंबाला चोवीस लागतात. मग दुसऱ्या ट्रॅक्टरची आणली आणि दोन्ही जोडून गाडी सुरू केली. फाटकातून बंब निघाला तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात आठला दहा कमी होते. तोवर पश्चिमेचं आभाळ लाल झालं होतं आणि लोक फाटकावर येऊन मामांनाच विचारत होते, "मामा, बंब यायलाय का न्हाई?"

स्थायी अग्निशमन सल्लागार परिषदेचा निकष असा, की गाडी शहरात पाच ते सात मिनिटांत आणि ग्रामीण भागात वीस मिनिटांत पोचावी. आमची गाडी चार किलोमीटर गेली आणि त्याला पन्नास मिनिटांवर वेळ गेला. त्यातली रस्त्यावर गेलेली मिनिटं दहासुद्धा नसतील.

पुढचा हिशेब पाण्याचा. टाकी साडेचार हजार लिटरची. एका नोझलमधून मिनिटाला अडीचशे-तीनशे लिटर पाणी जातं, मामांनी दोन जेट लावले, म्हणजे आठ-नऊ मिनिटांत टाकी रिकामी. कापसाची आग आधी गंजीच्या अंगावरून झपाट्याने धावते आणि मग आत शिरून धुमसत बसते. पाणी वरून ओघळून जातं, कारण कच्च्या कापसाला नैसर्गिक मेण असतं. गंजी जेसीबीने फोडून, पसरून, थराथराने भिजवल्याशिवाय ती विझत नाही. म्हणजे पाणी लागतं ते तासन्‌तास.

पाणी होतं. आवाराला लागून विहीर होती, तिला पाणीही होतं, पण चाळीस फुटांवर. बंबाचा पंप वरून ओढणारा. कितीही चांगला असला तरी सात मीटरच्या, म्हणजे बावीस-तेवीस फुटांच्या खालचं पाणी त्याला ओढता येत नाही. हे यंत्राचं अपयश नाही, हवेच्या दाबाचा हिशेब आहे. मराठवाड्यात फेब्रुवारीत किती विहिरींचं पाणी तेवीस फुटांच्या वर असतं हे ज्याने त्याने आठवून पाहावं. आवारात बोअरही होता, त्यावर पाणबुडी मोटर. पण आग लागली म्हणून महावितरणने लाइन बंद केली होती, आणि ते बरोबरच होतं. लाइन बंद म्हणून बोअर बंद. पलीकडच्या मळ्यात मोटर चालू होती. तिथून पाइप ओढून आणला, तर शेतीच्या पाइपाचं तोंड बंबाच्या त्रेसष्ट मिलिमीटरच्या कपलिंगला बसेना. एक पोरगा दोन्ही तोंडं हातात धरून उभा, पाणी त्याच्या अंगावर उडतंय आणि मागे गंजी जळतेय. एवढं एक दृश्य मला अजून जसंच्या तसं दिसतं.

त्या रात्री आग आटोक्यात ठेवली ती शेतकऱ्यांनी. मोसंबीच्या बागा फवारायचे ट्रॅक्टरमागचे ब्लोअर घेऊन चार-पाच जण आले आणि शेजारच्या गंज्या भिजवत राहिले. साडेनऊला शेजारच्या नगरपरिषदेचा बंब आला, त्यानंतर साखर कारखान्याचा. जेसीबी पहाटेपर्यंत चालला. राख तिसऱ्या दिवशीही गरम होती. एका हमालाचे दोन्ही हात भाजले. जीव कुणाचा गेला नाही.

दुसऱ्या दिवशीच्या स्थानिक बातमीत मथळा होता बंब उशिरा आल्याचा, आणि खाली मामांवर निलंबनाची मागणी. मुख्याधिकाऱ्यांनी मामांना नोटीसही काढली. त्या नोटिशीला जोडायला म्हणून बंबाचं लॉगबुक माझ्या टेबलावर आलं. जानेवारीच्या एकतीस दिवसांच्या एकतीस नोंदी: 'गाडी सुरू करून पाहिली. पंप तपासला. सुस्थितीत.' सगळ्या एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिल्यासारख्या. खाली निरीक्षकांची सही, त्याखाली कार्यालयीन अधीक्षकांची. त्याच महिन्यातली डिझेलची पावती काढली तर बंबात एक थेंब डिझेल गेलेलं नाही. ही पडताळणी मी त्याआधी चुकूनही कधी केली नव्हती, हे इथे कबूल करतो. दर महिन्याला दोन्ही कागद माझ्याच टेबलावरून जात होते.

शेवटची खरी नोंद डिसेंबरातली निघाली. मंत्र्यांचा दौरा होता, हेलिपॅडवर बंब उभा ठेवावा लागतो. त्या दिवशी गाडी दोन तास आधी पोचली होती, पंप चालवून धूळ बसवली होती, दोन फायरमन गणवेशात होते. म्हणजे गाडी चालत होती. तिला कुणी विचारलं की ती चालत होती.

इथे थोडं कायद्याकडे वळावं लागतं. 74 व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांकडे द्यायचे अठरा विषय आहेत, त्यात सातवा विषय अग्निशमन सेवा. 1965 च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमाच्या कलम 49 मध्ये आग विझवणं आणि आगीच्या वेळी जीवित-मालमत्तेचं रक्षण करणं हे नगरपरिषदेचं बंधनकारक कर्तव्य म्हटलं आहे. बाग किंवा नाट्यगृहासारखं ऐच्छिक नव्हे. आता पंचायतींची अकरावी अनुसूची उघडा. एकोणतीस विषय. ग्रंथालय आहे, बाजार-जत्रा आहे, इंधन आणि चाराही आहे. अग्निशमन नाही. म्हणजे हद्दीचा दगड ओलांडला की आग विझवणं हे या अनुसूचीत नावानिशी कुणाचंच काम नाही. कडब्याची गंजी पेटली, उभा ऊस पेटला, तर तहसीलदार पंचनाम्याला येतात, तलाठी नुकसानीचा आकडा भरतो. पाणी घेऊन कोण येणार, हे मात्र त्या अनुसूचीत लिहिलेलं नाही. येतो तो जवळच्या नगरपरिषदेचा बंब, रिवाज म्हणून, माणुसकी म्हणून, आमदारांचा फोन आला म्हणून.

आक्षेप घेणाऱ्या लेखापरीक्षकाला मी मनातल्या मनात बरंच बोललो होतो. पण त्याचं म्हणणं कागदावर चूक नव्हतं. आमच्या घरपट्टीच्या पावतीवर 'अग्निशमन कर' असा स्वतंत्र रकाना आहे. तो गावातला माणूस भरतो. त्या पैशातलं डिझेल न भरणाऱ्याच्या आगीवर कोणत्या अधिकाराने खर्च केलं? (तो कर खरोखर अग्निशमनावर खर्च होतो का, हा प्रश्न मात्र त्याने विचारला नाही. पावतीवरचा रकाना रोकडवहीत येईपर्यंतच जिवंत असतो, पुढे सगळं सर्वसाधारण निधीत मिसळतं आणि पगार-वीजबिलात जातं.)

देखरेखीचं काय? नगरपरिषदेत स्थायी समिती असते आणि विषय समित्या: सार्वजनिक बांधकाम, शिक्षण-क्रीडा-सांस्कृतिक, स्वच्छता-वैद्यक-आरोग्य, पाणीपुरवठा व जलनिस्सारण, नियोजन व विकास, महिला व बालकल्याण. अग्निशमन कुठे बसतं? आमच्याकडे चालक पाणीपुरवठ्यात, कार्यभार स्वच्छतेकडे, गाडीची दुरुस्ती बांधकामकडे आणि देयक माझ्याकडे. चार टेबलं, सभापती एकही नाही. 2016 ते 2020 पर्यंतची सभेची इतिवृत्तं मी चाळली. बंब दोनदा आला होता: एकदा नवीन गाडीच्या पूजनाचा विषय, आणि एकदा उन्हाळ्यात प्रभागाला टँकर कमी पडतो म्हणून बंबाने पाणी द्यावं अशी मागणी. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते वर्ष आमच्याही अंगावरून गेलेलं. त्या मागणीला हसू नये. पण ज्या गाडीत पिण्याचं पाणी वाटलं जातं ती आगीसाठी भरलेली असेल, हे कोण पाहणार?

वरची देखरेखही काही वेगळी नव्हती. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर आपल्याकडे जिल्ह्यांचे आपत्ती आराखडे आले, जिल्हाधिकारी कार्यालयात नियंत्रण कक्ष आले. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा प्राधिकरणाच्या अध्यक्षपदी जिल्हाधिकारी बसले. हे सगळं खरं काम आहे, पुरात त्याचा उपयोग आम्ही पाहिला आहे. पण कक्ष जागा असतो तो पावसाळ्यात. मराठवाड्याची आग लागते जानेवारी ते मे. तालुक्याच्या आराखड्यात आमचा बंब होता, साधनसामग्रीच्या तक्त्यात: 'अग्निशमन वाहन – 1 – सुस्थितीत'. ती माहिती आमच्याच लॉगबुकावरून गेलेली.

जिनिंगकडेही दोष होता, तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 प्रमाणे आगीची यंत्रणा बसवणं आणि चालू ठेवणं ही मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी आहे. परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, प्रमाणपत्र द्यावं लागतं. आवारात हायड्रंटचे, म्हणजे आगीसाठी पाणी देणाऱ्या नळांचे, लाल खांब होते. त्यांचा पंप विजेवर चालणारा, डिझेलचा राखीव पंप नाही. लाइन गेली आणि खांब नुसते उभे राहिले. प्रमाणपत्र मात्र होतं. मोठ्या औद्योगिक वसाहतींत एमआयडीसीची स्वतःची अग्निशमन यंत्रणा असते, तिच्याही डोळ्यांदेखत 31 डिसेंबर 2023 च्या पहाटे वाळूजमध्ये हातमोजे बनवणाऱ्या कारखान्यात सहा कामगार गेले. आमच्याकडे तर तपासायला जाणारा माणूसच नव्हता. नगरपरिषदेत पात्र अग्निशमन अधिकारी नाही, आणि जिनिंग नगरपरिषदेत नाही.

पैशाचं गणित थोडक्यात सांगतो, कारण प्रशासनाच्या बाजूने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच वाटते. गाडी घ्यायला पैसा मिळतो. जिल्हा वार्षिक योजनेतून मिळतो, राज्याकडून मिळतो, आणि पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून केंद्राने 2023 साली अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी देशभर 5,000 कोटींची योजना आणली. गाडी दिसते, तिच्यावर नाव लिहिता येतं, नारळ फोडता येतो. चालकाचा पगार, बॅटरी, होज, दर आठवड्याचं पाच लिटर डिझेल, सांताक्रूझच्या राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्रात माणूस पाठवायचा खर्च, हे नगरपरिषदेने स्वतःच्या उत्पन्नातून करायचं. 'क' वर्ग नगरपरिषदेचं स्वतःचं उत्पन्न म्हणजे थकीत घरपट्टी. आमचा बंब लाखोंचा होता आणि त्याची बॅटरी बदलायचा प्रस्ताव तीन महिने दरपत्रकांसाठी अडला होता. तो प्रस्ताव अडवणारा शेरा माझाच होता: 'तीन दरपत्रके जोडावीत.' नियमाने बरोबर शेरा.

मामांवरची नोटीस मागे घेतली गेली. त्यांनी उत्तरात एकच गोष्ट लिहून दिली होती, की मी टँकरचा चालक आहे आणि बंबाच्या प्रशिक्षणाला मला कधी पाठवलेलं नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात सभा झाली. नेहमीसारखा गोंधळ झाला, एकाने आमच्या कराच्या पैशाने दुसऱ्याच्या जिनिंगा का विझवायच्या म्हणून विचारलं. त्यावर मागच्या बाकावरचे एक जुने नगरसेवक उठले. ते फार बोलत नसत. म्हणाले, "दादा, त्या जिनिंगमधी हमाल कोणत्या गावचे हाईत? तुमच्याच वार्डातले चाळीस हाईत." पुढे चर्चा सरळ झाली.

ठराव असा झाला. हद्दीबाहेर ठरावीक अंतरापर्यंत बंब जाईल. घर, गोठा, कडबा, उभं पीक, विहिरीत पडलेला माणूस किंवा जनावर यासाठी शुल्क नाही. व्यापारी आस्थापनेला किलोमीटर आणि तासाप्रमाणे शुल्क, आणि ते भरल्यावरच आगीचा दाखला. यातली दुसरी बाजू व्यवहाराची होती: विमा कंपनी अग्निशमनाचा दाखला मागते, त्यामुळे जिनिंगवाला शुल्क भरतोच. कडबा जळालेल्या माणसाचा विमाच नसतो. आधी दोघांना एकच दर होता, फक्त कडबावाल्याकडून वसुली व्हायची नाही इतकंच.

शिवाय चार बारीक कामं झाली, ज्यांना ठरावही लागला नाही. बंबासोबत एक अॅडॅप्टर आला, एका बाजूला त्रेसष्टचं कपलिंग, दुसऱ्या बाजूला शेतीच्या पाइपाची आटी. गावातल्याच लोहाराने दोन दिवसांत करून दिला. विहिरीत सोडायचा एक हलका डिझेल पंप घेतला, तो विहिरीच्या आत मधल्या टप्प्यावर बसवून पाणी वर बंबात ढकलतो. परिसरातल्या ब्लोअरवाल्या शेतकऱ्यांचे आणि कारखान्याच्या यार्डाचे नंबर फाटकाच्या खोलीत भिंतीवर रंगवले. आणि मी एक नियम माझ्यापुरता केला: लॉगबुकात गाडी सुरू केल्याची नोंद असेल तर त्या आठवड्याची डिझेलची नोंदही असली पाहिजे, नाहीतर चालकाच्या जादा कामाचं देयक पास होणार नाही. पहिल्या महिन्यात निरीक्षक चिडले. दुसऱ्या महिन्यात नोंदी एकतीसवरून चारवर आल्या. चारही खऱ्या होत्या.

मग लॉकडाउन आला. बंबात सोडियम हायपोक्लोराइट भरून गल्ल्या फवारण्याचा आदेश आला आणि दीड महिना आमची गाडी तेच करत राहिली. लोक बाल्कनीतून टाळ्या वाजवायचे. त्या रसायनाने पंपाची सील खाल्ली. पावसाळ्यानंतर पंप उघडला तेव्हा आत गंज. दुरुस्तीला पुन्हा तीन दरपत्रकं. या वेळी मी शेरा मारला नाही, तातडीची बाब म्हणून टिपणी स्वतः लिहिली. पण पंप येईपर्यंत दिवाळी गेली आणि कापसाचा हंगाम सुरू झाला होता.

2021 च्या अखेरीस नगरसेवकांची मुदत संपली आणि प्रशासक आले. त्यानंतर ठराव घ्यायला सभाच नव्हती. प्रशासक चांगले होते, पण त्यांच्याकडे आणखी दोन ठिकाणचा कार्यभार. हद्दीबाहेरच्या शुल्काचा दर वाढवायचा होता तो तसाच राहिला. एक गोष्ट बरी झाली: राज्य संवर्गातून एक अग्निशमन अधिकारी मिळाला, तरुण, प्रशिक्षित. आल्या आल्या त्याने सगळ्या जिनिंगवाल्यांना पत्रं काढून डिझेलचा राखीव पंप आहे का विचारलं. हद्दीबाहेरच्यांनी कळवलं, आपला अधिकार आमच्यावर चालत नाही. तेही कागदावर बरोबर.

माझ्या निवृत्तीच्या महिन्यात त्या जुन्या आक्षेपाचं अनुपालन, म्हणजे उत्तर, मी तिसऱ्यांदा पाठवलं. सोबत ठरावाची प्रत जोडली. परत आलेल्या पत्रात होतं: ठराव मार्च 2020 चा आहे, खर्च फेब्रुवारी 2020 चा, सबब परिच्छेद कायम.